तागाखालची माती

शशीताई,

आज ऑफिसात तुमची शोकसभा झाली. तुमच्या फोटोला झेंडूचा हार, समोर उदबत्ती, आणि मागच्या भिंतीवर मोठा करून लावलेला दुसरा एक फोटो: निलगिरीची सरळ, उंच, रांगेत उभी झाडं. संचालकसाहेब म्हणाले, मैडम ने कोयला खदान की जली हुई ज़मीन को हरा करके दिखाया. सगळ्यांनी माना हलवल्या. मग दोन मिनिटं शांतता, मग चहा आणि समोसे. मला बोलायला सांगितलं तेव्हा मीही उभा राहिलो आणि ताईंनी आम्हाला मातीवर प्रेम करायला शिकवलं, असं काहीतरी म्हणून खाली बसलो. स्वतःची इतकी किळस आली की समोसा हातातच राहिला.

ती निलगिरी तुम्ही लावली नव्हती. ती लागली त्या आठवड्यात तुम्ही ऑफिसात कुणाशी धड बोलत नव्हतात. मढ्याला शालू नेसवलाय, एवढंच म्हणाला होतात. आता तो शालू तुमच्याच नावावर चढवून लोक समोसे खातायत, आणि त्यांच्यातला एक मी.

मी कमी बोलतो. बोलत नाही म्हणून लोक मला भला समजतात, आणि मी त्यांना ते समजू देत आलो. आता बोलणं म्हणजे वरातीमागून घोडं आहे, कळतंय मला. पण तुम्ही गेलात म्हणून गोष्ट संपली नाही. ज्यांची माती गेली ती माणसं अजून तिथेच आहेत, त्या खाणीच्या काठावर.

*

मी बदली होऊन इथे चंदीगडला आलो तेव्हा सेक्टर बावीसमध्ये एका लोकरीच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली होती. ऑफिसात पहिल्याच दिवशी तुम्ही माझं बोलणं ऐकलंत आणि विचारलंत, देवगडकडचा का? मी हो म्हटलं. मग तुला माती काय माहीत, म्हणालात, तुमच्याकडे नुसता लाल दगड. दुसऱ्या दिवशी डबा आणलात. झुणका, ठेचा, आणि ज्वारीचं पीठ या शहरात मिळत नाही याबद्दल पंजाबला दोन शिव्या. पुढे माझं लग्न झालं, तर माझ्या बायकोला भाजीवाल्याशी पंजाबीत भांडायला तुम्हीच शिकवलंत. भावोजी हवाई दलात, त्यामुळे तुम्हाला अर्धा देश पाठ; तरी राग आला की तुम्ही थेट वऱ्हाडात जायचात. "काहून रे विनायक?" असं ऐकू आलं की मी समजायचो, आपलं काहीतरी चुकलंय.

आपलं काम शिवालिकच्या डोंगरांचं. पावसाने फाटलेल्या उतारांवर गवत लावायचं, नाल्यांत बांध घालायचे, माती वाहून खाली सुखना तलावात जाणार नाही असं बघायचं. तिथे माझा एक बांध गळत होता. मी त्याला आतून चिकणमातीचा थर दिला आणि गळती थांबली. पाणी कायम टेकलेलं, त्यामुळे तो थर कधी सुकला नाही. माझ्या नोकरीतलं ते एकच नाव घेण्यासारखं यश. तुम्ही पाठ थोपटलीत आणि म्हणालात, आता हे औषध प्रत्येक दुखण्यावर देत बसू नकोस.

फाटलेली जमीन शिवणारे म्हणून दिल्लीत आपलं नाव झालं होतं. म्हणून वर्धा नदीच्या काठच्या त्या खाणीत जुन्या बोगद्यांमधला कोळसा पेटला तेव्हा कुणीतरी म्हणालं, चंदीगडवाल्यांना विचारा. आपण दोघं गेलो. आग शेजारच्या कोळशाला लागू नये म्हणून घाईघाईने वावरांमधून एक रुंद चर खणायला काढला होता. बुलडोझर, ट्रकांचे रस्ते, भोकं पाडायच्या यंत्रांसाठी सपाट केलेले चौथरे. जमिनीखाली आग आहे म्हटल्यावर वरच्या जमिनीचं काय, हे कोण विचारतो? तुम्ही विचारलंत. वरची काळी माती आधी काढा, वेगळी ठेवा, मग काय तो चर खणा.

खाणीचा मॅनेजर म्हणाला, "मैडम, नीचे आग लगी है."

तुम्ही म्हणालात, "लगी है, पता है. मिट्टी ने नहीं लगाई."

आणि त्याने ऐकलं. मी नंतर त्या माणसाचं जे केलं ते आठवताना हेही आठवतं, की तो ऐकणारा माणूस होता. काळी माती वेगळी निघाली, देवळाएवढा ढीग झाला. पडून पडून ती मरू नये म्हणून तुम्ही तिच्यावर ताग पेरायला लावलात. पुढच्या खेपेला आपण गेलो तेव्हा तो ढीग पिवळ्या फुलांनी भरला होता. तुम्ही त्याच्याभोवती फिरत होतात, बाळंतिणीच्या खोलीत फिरावं तशा, हलक्या पावलांनी.

तिथल्या गावातल्या गिरजाबाईचं अख्खं वावर त्या चरात गेलं होतं. ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून ढिगाकडे बघत होती. तिने विचारलं, "बाई, माही माती मले वापस भेटन ना?"

"भेटन," तुम्ही म्हणालात. तिच्याच बोलीत. आग विझली की ह्या ढिगातली माती तुझ्या वावरात, आधी तुझ्या, मग बाकीच्यांच्या.

तिने तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा आणला. तुम्ही प्यायलात आणि तांब्या माझ्याकडे दिलात. पी, म्हणालात, आणि ध्यानात ठेव, ज्याच्या घरचं पाणी प्यायलो त्याला फसवायचं नाही. मी हसलो. तुम्ही हसला नाहीत.

*

परत आल्यावर तुम्ही इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमधून लांब लोखंडी नळ्या करून घेतल्यात. भेगेत खोल सोडून खालची उष्णता मोजायला. त्या नळ्या माझ्या स्कूटरवर आडव्या धरून आपण निघालो आणि नाक्यावर जवानाने बंदूक रोखून थांबवलं. पंजाबातल्या दहशतवादाचे दिवस होते ते, आणि आपण दोन शहाणे हातात लोखंडी नळ्या घेऊन. तुम्ही खाली उतरून त्याला नळीतून आरपार बघायला लावलंत आणि सांगितलंत, ये ज़मीन का थर्मामीटर है.

तो म्हणाला, "ज़मीन को बुखार है क्या, माताजी?"

"है बेटा. उतर नहीं रहा."

त्याने सोडलं. पुढच्या चौकापर्यंत तुम्ही मागे बसून हसत होतात. तो दिवस मला जपून ठेवायचाय. पण तो जपायचा तर पुढचा दिवस टाकून देता येत नाही.

त्या वर्षांत या शहरात एक शब्द होता: हालात. पत्र आलं नाही, हालात. पगारबिलं अडकली, हालात. ठेकेदाराने रोपं दिली नाहीत, हालात ठीक नहीं हैं जी. खरोखर माणसं मरत होती, बसमधून उतरवून मारली जात होती, आणि त्यांच्या मरणाच्या आड आम्ही आमचा आळस, आमची चोरी, आमचा भित्रेपणा लपवत होतो. मी तर सगळ्यांच्या वरताण निघालो.

उन्हाळा संपत आला होता. शहरात कर्फ्यू. तुम्ही रजेवर, घरी, आणि तुमचा फोन बंद. ऑफिसच्या मागच्याच क्वार्टरमध्ये मी तेव्हा राहायला आलो होतो, म्हणून चौकीदार मला बोलवायला आला: ट्रंक कॉल आहे. खाणीचा मॅनेजर. नव्या भेगा पडल्यात, धूर कामगारांच्या वस्तीकडे सरकतोय, भेगा बुजवायला मुरूम लांबून आणावा लागेल आणि ट्रक नाहीत. ढीग जवळ आहे. पण मॅडमनी सांगितलंय, माझ्याशिवाय हात लावायचा नाही. मॅडमना विचारायचं होतं.

मी म्हणालो, "मैडम को छोड़ो, मैं बोल रहा हूँ. उठा लो. चिकनी मिट्टी है, सील कर देगी."

तो म्हणाला, वाह साब, आपने तो खड़े-खड़े फैसला कर दिया. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, छाती भरून आली. इतकी वर्षं सगळे तुम्हालाच विचारायचे.

एवढ्यावर थांबलो असतो तर चूक म्हणता आली असती. कोकणातल्या माणसाला काळ्या मातीचं काय कळणार, असं म्हणून तुम्ही दोन शिव्या दिल्या असत्यात आणि मीही सुटलो असतो. पण ते तसं नाही. कर्फ्यू होता हे खरं; दुपारी थोडा वेळ कर्फ्यूला ढील मिळाली होती हेही खरं. मी स्कूटर काढून बाहेर पडलो. दूध घेतलं, बटाटे घेतले, भेंडी घेतली. तुमच्या घराच्या वळणावरून गेलो. वळलो असतो तर तुम्ही फाटकातच भेटला असतात. मी वळलो नाही. सांगितलं तर तुम्ही ते फिरवाल, हे मला माहीत होतं, आणि माझा निर्णय मला बदलू द्यायचा नव्हता.

आणि अजून आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना मला तुमचं पैंजण आठवलं. डबा खाताना तुम्ही सांगितलं होतंत ते. लहानपणी चैत्रात वडिलांच्या वावरात खेळताना पायातलं पैंजण भेगेत पडलं, तुम्ही पालथं पडून खांद्यापर्यंत हात घातलात, तरी तळ लागला नाही. आईने मारलं, आणि बाप म्हणाला, काळी माती उन्हाळ्यात तोंड उघडते, तिला दोष देऊ नका. हे सगळं मला आठवलं, अर्ध्या गालाला साबण असताना. जी माती दर उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते ती आगीवर झाकण म्हणून टाकायची नसते, हे कळायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. बुलडोझर दुसऱ्या खाणीतून यायचा होता, म्हणजे ढिगाला अजून हात लागला नव्हता. ऑफिसचा फोन चालू होता. मी उरलेली दाढी केली.

*

ढीग उचलला गेला, तागासकट. लगेच पाऊस आला, माती फुगली, भेगा मिटल्या, धूर थांबला. खाणीतून शाबासकीचा निरोप आला. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही खुर्चीत बसलात त्या बसूनच राहिलात. पाणी देऊ का विचारलं तर ऐकूच गेलं नाही.

पुढच्या चैत्रात ती माती फाटली, जशी फाटते तशी. भेगांमधून हवा आत गेली आणि आग पूर्वीपेक्षा जोरात पेटली. गिरजाबाईची माती खालून भाजली गेली. चौकशी आली. मॅनेजर म्हणत होता, मला चंदीगडहून तोंडी परवानगी होती. संचालकांनी आपल्या दोघांना खोलीत बोलावलं आणि मला विचारलं, मयेकर, तुमने कहा था?

मी म्हणालो, "कर्फ्यू था सर. उन दिनों लाइन ही कहाँ मिलती थी."

नाही म्हणालो नाही मी, बघा. मी फक्त हालात सांगितले. संचालकांनी मान डोलावली. त्यांना तेच हवं होतं. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत आणि मग खिडकीबाहेर. मॅनेजरची बदली झाली, बढती गेली. आणि खरं नुकसान पुढेच झालं. खाण म्हणाली, माती चंदीगडच्या सांगण्यावरून गेली, भरपाई चंदीगडने करावी. चंदीगड म्हणालं, खाणीने चोरली, खाणीने द्यावी. मधल्यामध्ये गिरजाबाईला कुणीच काही दिलं नाही. आग पुढे वाळू भरून विझवली, चर बुजवला, वर मुरूम आणि राडारोडा पसरला, त्यात निलगिरी लावली, फोटो काढला. कागदावर जमीन पूर्ववत. माझ्या त्या एका वाक्यावर हे सगळं उभं आहे, ताई. मी खरं बोललो असतो तर आपल्या ऑफिसला ती जमीन परत घडवावीच लागली असती.

तुम्ही तिकडून मुठीएवढं एक ढेकूळ घेऊन आलात. विटेसारखं लाल, टणक. माझ्या टेबलावर ठेवलंत.

"घे. काळीले तुझ्या कोकणाचा रंग आला."

मी हसलो. त्या वेळीही मी हसलो. ते ढेकूळ अजून माझ्या टेबलावर आहे. नवे लोक विचारतात, पेपरवेट कुठून आणलं?

*

नंतर दर वर्षी सुखनावर श्रमदान असायचं, लोक तलावातला गाळ टोपल्यांनी उपसायचे, आणि तुम्ही मला ओढून न्यायचात. माझ्या डोक्यावर टोपली द्यायचात, भरपूर भरून, आणि तेच ते बोलायचात: बघ, डोंगराची वरची माती आहे ही, सोनं आहे, आणि हे लोक फेकून देतायत. त्यातूनच तुम्ही ती योजना काढलीत. खाणीजवळच्या गावतळ्यांमधला गाळ उपसायचा, तळी खोल होतील, आणि गाळ त्या वावरांवर थराथराने चढवायचा, दर थरावर ताग पेरून गाडायचा. आपल्या हयातीत अर्धी जमीन तरी होईल, म्हणायचात. मंजुरी मिळाली नाही. जमीन तर हिरवी झालीय, फोटो आहे. आणि जबाबदारी आपली नाही, हे चौकशीत ठरलंय.

ते ठरवणारा टोपली घेऊन तुमच्या पुढे चालत होता.

दर वर्षी तुम्ही गिरजाबाईकडे जायचात, दोनदा मलाही नेलंत. ती पाणी द्यायची, गूळही द्यायची. माती कधी, हे विचारणं तिने सोडून दिलं होतं. एकदाच म्हणाली, "बाई येते, हेच लय झालं. बाकी कोनी येत नाही." मी ते पाणी प्यायलो, ताई. दोन्ही वेळा, घटाघटा.

शेवटचं भेटलो ते सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलमध्ये. तुम्ही एवढ्याशा दिसत होतात. मी ठरवून आलो होतो, जिन्यात वाक्यही जुळवलं होतं. तुम्ही विचारलंत, तागाचं बी मिळालं का? मी म्हटलं, मिळेल. मग नर्स आली, मी खुर्ची सरकवून दिली, आणि ती सरकवल्यावर परत जवळ ओढली नाही.

*

शोकसभेतून सुटलो तो आज सरळ तुमच्या घरी गेलो. भावोजी अंगणात बसले होते. तुमच्या लेकीने, "अंकल, चाय?" म्हणून विचारलं आणि ती आत गेली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फोन, ढील, भेंडी, पैंजण. भावोजींनी ऐकून घेतलं. त्यांना राग आला नाही, आणि तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

ते म्हणाले, "शशीला माहीत होतं रे. त्या दिवशी ढील असताना ती फाटकात उभी होती. तू येताना दिसलास. विनायक आला म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली."

त्या चहाचं काय झालं, हे मी विचारलं नाही.

मग चौकशीनंतर मॅनेजरने तुम्हाला भेटून फोनवरचे शब्द सांगितले. चिकनी मिट्टी है, सील कर देगी. ते वाक्य या ऑफिसात दुसरं कोण बोलणार होतं? तुम्ही घरी येऊन भावोजींना म्हणालात, तो सांगेल आपणहून. सांगितलं नाही तर नको. त्याची मुलं लहान आहेत, नोकरी जाईल. जमीन काय, मी करीन पुन्हा उभी.

म्हणजे ते लाल ढेकूळ गंमत नव्हती. दर वर्षीची टोपली गंमत नव्हती. तुम्ही वाट बघत होतात.

भावोजींना वाटलं मी रडेन. तुमच्या मायेने माझा ऊर भरून यायला हवा होता. इतकी वर्षं पोटात ठेवलंत, एका शब्दाने टोचलं नाहीत, माझ्या मुलांच्या वाढदिवसांना येत राहिलात. मला राग आला. 

काहून, ताई? हा तुमचाच शब्द, आज मी तुम्हाला विचारतो. काहून गप्प राहिलात? मला माफ करायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? तुमचं काय गेलं होतं? माती गिरजाबाईची गेली. बढती त्या मॅनेजरची गेली. तुम्ही माझ्यावर दया केलीत ती तुमच्या पदरची नव्हती. तिच्या वावरातून उचलून दिलीत, जशी मी माती उचलून दिली. माझी मुलं लहान होती, आणि तिची? जमीन पुन्हा उभी करीन म्हणालात. वीतभर माती व्हायला किती पिढ्या जातात हे मला शिकवलं कुणी? एक शब्द बोलला असतात तर ऑफिस अडकलं असतं, योजना मंजूर झाली असती, आज त्या वावरात गाळाचे चार-पाच थर चढले असते. तुम्हाला मी सुधारायला हवा होतो. त्यासाठी एक अख्खं शिवार पडीक ठेवलंत.

मी तुमच्यापेक्षा बरा आहे असं नाही म्हणत. माझं पाप मूळ आहे. पण तुमच्या फोटोला हार घालून तुम्हाला देवी करणाऱ्यांत मी बसणार नाही. देवीने असं केलं असतं तर चाललं असतं. तुम्ही माती जाणणाऱ्या होतात.

*

संध्याकाळी मी संचालकसाहेबांच्या घरी गेलो आणि त्यांना सांगितलं, परवानगी मी दिली होती, फोनवर, मॅडमना न विचारता, आणि चौकशीत, साहेब, तुम्हाला फसवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, यार मयेकर, मैडम चली गई, वो मैनेजर भी कहीं दूर है, हालात तुम देख ही रहे हो, अब ये सब क्यों?

मी म्हटलं, हालात का इसमें कुछ नहीं है सर.

मी हे सगळं लिहून, सही करून दिलंय. ते निलंबित करतील असं वाटतं. करू देत. चौकशी पुन्हा उघडली तर जबाबदारी आपल्या ऑफिसची ठरेल आणि गाळाची तुमची योजना त्यांना परत वर काढावी लागेल. ठरेलच असं नाही. सरकारचं काही सांगता येत नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ताईंनी मला तरी सांगायचं होतं. तीही तुमच्यावरच रागावली, हे बघून मला क्षणभर तुमची बाजू घ्यावीशी वाटली.

उद्याच्या गाडीने मी निघतोय. तागाचं बी मिळालं, पिशवीत घेतलंय. लाल ढेकूळही घेतलंय. ते तिचं आहे, माझ्या टेबलावर त्याचं काय काम?

तुम्ही गेलात हे गिरजाबाईला अजून माहीत नाही. मला एकट्याला बघून ती आधी तुमचंच विचारेल, बाई नाही आल्या? ते सांगावं लागेल. मग माझं सांगीन. आणि मग, बाईला माहीत होतं, हेही सांगीन. त्या गावात तुमच्या नावाला जो मान आहे तो त्याने जाईल, कदाचित. जाऊ दे. तुम्ही मला झाकलंत, मी तुम्हाला झाकणार नाही. झाकलेल्या आगीचं पुढे काय होतं, ते आपण दोघांनी त्याच जमिनीवर बघितलंय.

ती सवयीने आत जाईल, तांब्या आणील, गूळ आणील, माझ्यासमोर ठेवील. मी तांब्याला हात लावायच्या आधी बोलेन. ऐकून झाल्यावरही तिने तो तांब्या माझ्याकडे सरकवला, तरच पिईन.